रहस्यकथांचा एक महिना

ज्यांच्या नावाने सटाणा गाव महाराष्ट्रात ओळखले जाते, त्या यशवंतराव महाराजांच्या म्हणजेच देव मामलेदारांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. १८७०-७१ च्या दुष्काळात मामलेदार यशवंतरावांनी सरकारी खजिन्यातील रक्कम उपाशी रयतेला वाटून टाकली. वरिष्ठांपर्यंत वार्ता पोहोचली, तपासणी झाली, खजिना उघडला गेला आणि रक्कम जशीच्या तशी भरली, असे परंपरा सांगते. भाविकांच्या दृष्टीने गोष्ट येथे पूर्ण होते. आरम नदीकाठी देव मामलेदारांचे मंदिर आहे. दर वर्षी मार्गशीर्षात तेथे यात्रा भरते. तेथे येणाऱ्या कोणालाही पुढचा प्रश्न विचारावासा वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही.

हाच कथाभाग एखाद्या रहस्यकथाकाराच्या हाती पडला असता तर? खजिन्याला कुलपे किती होती, किल्ल्या कोणाकडे होत्या, मोजदाद कोणी केली, आदल्या रात्री पहाऱ्यावर कोण होते, असे प्रश्न त्याने पहिल्याच प्रकरणात उभे केले असते आणि शेवटच्या पानापर्यंत प्रत्येकाचे उत्तर देणे त्याला बंधनकारक ठरले असते. भक्तिकथा श्रद्धेवर उभी असते, रहस्यकथा तर्कावर. दोन्हींचा श्रोता वेगळा आणि दोन्हींचा करारही वेगळा. रहस्यकथेचा करार असा, की लेखक वाचकापासून काहीतरी लपवील, पण ते शोधण्याची साधने मात्र लपवणार नाही.

हा करार समजून घ्यायचा असेल, तर सुटी-सुटी पुस्तके चाळून भागत नाही. त्यासाठी सलग वाचन हवे. सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या वाचनवेड्याने ठरवले, की एक संपूर्ण महिना केवळ रहस्यकथा आणि थरारकादंबऱ्याच वाचायच्या, तर त्याच्या हाती काय लागेल? दहा-बारा पुस्तके, काही जागरणे आणि करमणूक हे तर झालेच. त्याहून महत्त्वाचे असे, की ज्या साहित्याने महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांना पुस्तक हातात धरायला शिकवले, त्याचा सलग इतिहास त्याच्यासमोर उलगडेल. आणि त्या इतिहासातील बरीच पुस्तके आता कोठेच मिळत नाहीत, हेही त्याच्या लक्षात येईल.

एक बस, तीन गोष्टी

मराठीत ‘रहस्यकथा’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. खून, दरोडा, भूत, हेरगिरी, पाठलाग यांपैकी काहीही असले, की पुस्तकाची रवानगी एकाच कपाटात होते. प्रत्यक्षात या कपाटात किमान तीन वेगळी घराणी नांदत असतात. त्यांतील फरक एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

सटाण्याहून देवळामार्गे नाशिकला निघालेली रात्रीची एसटी आहे, असे समजा. बस नाशिकला पोहोचते तेव्हा मागच्या आसनावरील व्यापाऱ्याची पैशांची पिशवी नाहीशी झालेली असते. बस वाटेत तीनच ठिकाणी थांबली आणि कोणीही उतरले नाही. पिशवी कोणी घेतली आणि ती आहे कोठे? ही रहस्यकथा. येथे घटना घडून गेलेली असते आणि कथा मागे वळून पाहते. वाचकाला पडणारा प्रश्न ‘काय झाले?’ असा असतो.

आता दुसरी गोष्ट. भावडबारीचा घाट समोर आहे, बसचे ब्रेक निकामी झाले आहेत आणि हे फक्त वाचकाला ठाऊक आहे, चालकाला नाही. ही थरारकथा. येथे लपवाछपवी जवळजवळ नसते. उलट लेखक वाचकाला पात्रांपेक्षा अधिक माहिती देतो आणि तीच माहिती वाचकाला बेचैन करते. प्रश्न असतो, ‘आता काय होणार?’

तिसरी गोष्ट अशी. वाहकाने बेचाळीस तिकिटे फाडली आहेत, पण डोकी मोजली की ती त्रेचाळीस भरतात. देवळ्यानंतर चार जण उतरतात, तरीही मोजणी त्रेचाळीसच. ही गूढकथा. तिचे उत्तर द्यायलाच हवे असा आग्रह वाचक धरत नाही. उत्तर दिल्यास तिची जादू कदाचित ओसरेलही. प्रश्न एवढाच उरतो, ‘जग आपल्याला वाटते तसे आहे ना?’

महिन्याचे वाचन या भेदावर बेतले, तर प्रत्येक पुस्तकाकडून नेमकी अपेक्षा ठेवता येते. गूढकथेत खुलासा मिळाला नाही म्हणून रागावणे आणि रहस्यकथेत भूत निघाले तरी चालवून घेणे, या दोन्ही चुका या गोंधळातून होतात.

पहिला आठवडा : भुयारे आणि योगायोग

सुरुवात जुन्यापासून करावी. रहस्यकथेचा आधुनिक अवतार १८४१ मध्ये अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्या कथेतून झाला, असे सामान्यतः मानले जाते. बंद खोलीत झालेल्या खुनाचा उलगडा केवळ निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर करणारा पहिला नायक त्याने उभा केला. १८६८ मध्ये विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ आली. त्या कादंबरीतील रहस्य हिंदुस्थानातून लुटून नेलेल्या एका हिऱ्याभोवती फिरते. साम्राज्याने केलेली चोरी इंग्रजांच्या घरातील चोरीला जन्म देते, ही त्यातील कल्पना भारतीय वाचकाला आजही विचार करायला लावते.

मराठीत मात्र प्रथम पो किंवा कॉलिन्स आले नाहीत. आला तो जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. इंग्लंडमध्ये सामान्य कामगारवर्गासाठी सनसनाटी कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाने एकोणिसाव्या शतकातील भारतीय वाचकाला अक्षरशः झपाटले. हरिभाऊ आपट्यांसारख्या गंभीर सामाजिक कादंबरीकारानेही आपली पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्याच आधारे लिहिली. पुढे गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी ‘कालिकामूर्ती’सारख्या कादंबऱ्यांतून आणि नाथमाधवांनी ‘वीरधवल’मधून अद्भुत, साहस आणि रहस्य यांचे मिश्रण मराठी घराघरांत पोहोचवले. अपघाताने अपंगत्व आलेल्या नाथमाधवांनी अंथरुणाला खिळून न राहता आपल्या नायकांना डोंगरदऱ्यांतून धावायला लावले, ही हकीकतही त्यांच्या कादंबऱ्यांइतकीच विलक्षण आहे.

या पुस्तकांचा वेग आजच्या मानाने संथ आहे. वाक्ये लांब, वर्णने पल्लेदार आणि योगायोग पावलोपावली. हरवलेला राजपुत्र, गुप्त भुयार, वेषांतर, अंगावरील खूण ही त्यांची ठरलेली सामग्री. पण साल्हेर-मुल्हेरच्या सावलीत वाढलेल्या बागलाणच्या वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला मानला जातो, आणि किल्ला म्हटले की चोरवाट आणि पुरलेले धन यांच्या गोष्टी आल्याच. दातार-नाथमाधवांनी नेमक्या याच लोकस्मृतीला छापील रूप दिले. म्हणून मराठी रहस्यकथेचा पाया इंग्रजी अनुकरणाचा होता, एवढेच म्हणणे अपुरे ठरते. आराखडा विलायती असला, तरी त्यातील दगड सह्याद्रीचाच होता.

दुसरा आठवडा : खिशात मावणारे वाङ्मय

दुसरा आठवडा अर्थातच बाबूराव अर्नाळकरांचा. मुंबईत चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या चंद्रकांत सखाराम चव्हाण या गृहस्थांनी ‘बाबूराव अर्नाळकर’ या नावाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. या अफाट संख्येची नोंद गिनेस बुकातही झाली. गुप्तहेर धनंजय व त्याचा साथीदार छोटू, तसेच कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्यायाची बाजू घेणारे झुंजार आणि काळापहाड ही नावे एके काळी महाराष्ट्रात चित्रपटतारकांइतकी परिचित होती.

हे यश केवळ लेखकाच्या वेगाचे नव्हते. त्यामागे एक संपूर्ण यंत्रणा होती. पुस्तके लहान, किंमत कमी, कागद साधा, मुखपृष्ठ भडक, आणि नवे पुस्तक थोड्याच दिवसांत बाजारात. एका बैठकीत किंवा एका प्रवासात वाचून व्हावे, असा त्यांचा आटोप. ही पुस्तके विकत घेणाऱ्यांपेक्षा भाड्याने आणून वाचणारे कितीतरी अधिक होते. गल्लीबोळांतील खासगी लायब्रऱ्या दिवसाच्या हिशेबाने पुस्तके देत. गिरणीतील कामगार, वसतिगृहातील विद्यार्थी, दुपारच्या निवांत वेळेत गृहिणी आणि बसस्थानकावर ताटकळणारा प्रवासी असा सगळा समाज त्या लायब्ररीच्या फळीपुढे एकत्र येत असे. एकच प्रत शेकडो हातांतून जाई.

अर्नाळकरांनंतर ही परंपरा अनेकांनी पुढे नेली. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनी कॅप्टन दीपसारखे नायक उभे केले आणि त्यांच्याही पुस्तकांची संख्या हजारावर गेली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद अशी निरनिराळ्या स्वभावांची माणसे निर्माण केली आणि संवादांना महाविद्यालयीन तरुणाईच्या बोलीचा चटपटीतपणा दिला. ‘दुनियादारी’मुळे त्यांचे नाव २०१३ च्या चित्रपटानंतर नव्या पिढीलाही कळले. पण त्या कादंबरीतील सफाईदार कथनाची तालीम रहस्यकथांच्या आखाड्यात झाली होती, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कोल्हापूरचे बाबा कदम पेशाने सरकारी वकील. न्यायालय, पोलीस ठाणे आणि गुन्हेगाराचे मन यांची जवळून ओळख असल्याने त्यांच्या लेखनाला वेगळे वजन आले.

या आठवड्यात वाचकाने डोळसही राहावे. यातील अनेक कथानके इंग्रजीवरून बेतलेली आहेत. स्त्रीपात्रे बहुधा संकटात सापडण्यासाठी किंवा मोह पाडण्यासाठीच येतात. खलनायकाची ओळख त्याच्या चेहऱ्यावरूनच पटते. आणि नायक कोणत्याही संकटातून सुटणार हे पहिल्या पानावरच ठरलेले असते. पण हे दोष मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. पुढचे पान उलटण्याची अनिवार इच्छा वाचकाच्या मनात निर्माण करणे ही काय सामान्य गोष्ट आहे? ज्याने शाळेच्या पुस्तकाबाहेर काहीही वाचले नव्हते, त्याला या पुस्तकांनी वाचनाची गोडी लावली. अर्नाळकरांच्या बोटाला धरून वाचनालयात शिरलेला मुलगा पुढे खांडेकर, पेंडसे आणि नेमाडे यांच्या कपाटापाशी पोहोचला, अशी उदाहरणे महाराष्ट्रात घरोघरी सापडतील.

तिसरा आठवडा : लेखक विरुद्ध वाचक

तिसऱ्या आठवड्यात डोक्याला खाद्य हवे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये रहस्यकथेने बुद्धिबळाच्या डावाचे रूप घेतले. ॲगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी १९२० ची. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने या खेळाचे दहा नियम अर्ध्या गमतीने आणि अर्ध्या गांभीर्याने लिहून काढले. गुन्हेगार कथेत लवकर दिसलाच पाहिजे, अतिमानवी शक्तींना मज्जाव, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही दिसला पाहिजे आणि गुप्त खोली किंवा भुयार असलेच तर एकापेक्षा अधिक नको! पहिल्या आठवड्यात दातारशास्त्री वाचून आलेल्या वाचकाला हा शेवटचा नियम वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही.

नियम आले की ते वाकवणारेही आले. ख्रिस्तीच्या १९२६ मधील ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ने लेखिकेने वाचकाला फसवले की वाचकानेच नीट वाचले नाही, असा वाद पेटवला. तो अजून विझलेला नाही. तो वाद नेमका कशाचा, हे सांगणे मात्र शिष्टाचाराला सोडून होईल. रहस्यकथेच्या जगात शेवट फोडणे हाच एक अक्षम्य गुन्हा आहे. सार्वजनिक वाचनालयांतील प्रतींवर पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणाऱ्या महाभागांचा उपद्रव जुन्या वाचकांना चांगलाच आठवत असेल!

या परंपरेतील बरेच साहित्य मराठीत आले आहे. शेरलॉक होम्सला भालबा केळकरांनी मराठी वेष चढवला. ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांत रंगभूमी गाजवणारे मधुकर तोरडमल यांचाही समावेश आहे. आणि परदेशी धुक्याचा कंटाळा आला, तर बंगालकडे वळावे. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ मध्ये अवतरला आणि सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ मध्ये. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे फेलूदा मराठी मुलांच्याही घरात आला. फेलूदाच्या कथांतील जटायू हे पात्र तर या महिन्यासाठी खास लिहिल्यासारखे आहे. तो भरमसाट खपाच्या थरारकादंबऱ्या लिहिणारा लेखक, आणि त्याच्या पुस्तकांतील ढोबळ चुका फेलूदा हसतहसत दुरुस्त करतो. एका उत्तम रहस्यकथाकाराने खपाऊ लेखनाची केलेली ही थट्टा आहे, पण तीत तुच्छता नाही. मराठी समीक्षेला ही वृत्ती क्वचितच साधली.

अशा कथा वाचताना शेजारी वही ठेवावी. पात्रांची नावे, वेळा आणि खटकलेल्या गोष्टी टिपाव्यात. चार-पाच पुस्तकांनंतर लक्षात येते, की लेखक महत्त्वाचा दुवा सहसा तीन ठिकाणी दडवतो. एक तर लांबलचक यादीच्या मध्यभागी, दुसरे म्हणजे विनोदी प्रसंगात आणि तिसरे म्हणजे एखादी मोठी घटना घडण्याच्या लगेच आधी. वाचकाची नजर या तिन्ही ठिकाणी सैल पडते. हे एकदा उमगले, की वाचनाची रीतच बदलते. जाहिरात, भाषण, करारपत्र किंवा बातमी वाचतानाही नजर आपोआप यादीच्या मध्यभागी जाऊन थांबते. रहस्यकथेने दिलेली ही सवय कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही.

चौथा आठवडा : माहीत असूनही वाटणारी धास्ती

शेवटचा आठवडा थरार, गूढ आणि वास्तव यांच्यात वाटून घ्यावा. थरारकथेचे मर्म जाणून घेण्यासाठी फ्रेडरिक फोर्सिथच्या १९७१ मधील ‘द डे ऑफ द जॅकल’इतके चांगले उदाहरण नाही. फ्रान्सचे अध्यक्ष जनरल द गॉल यांच्या हत्येच्या कटाची ही गोष्ट. द गॉल १९७० मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेले, हे साऱ्या जगाला ठाऊक होते. म्हणजे कट फसणार हे वाचकाला पुस्तक उघडण्यापूर्वीच माहीत असते. तरीही श्वास रोखला जातो, याचे कारण तपशिलांत आहे. खोटे पारपत्र कसे मिळवायचे, बंदूक कशी लपवायची, याचे वर्णन इतके काटेकोर आहे, की वाचक ‘होईल की नाही’ हे विसरून ‘कसे’ यात गुंततो. रामायण-महाभारत ऐकणाऱ्या समाजाला हे नवे नाही. शेवट माहीत असलेली कथा रंगते ती सांगण्याच्या कौशल्यावर.

मराठीत या प्रकाराला अनुवादांनी मोठा आधार दिला. अशोक पाध्ये यांनी ॲलिस्टर मॅक्लिनच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. रवींद्र गुर्जर यांचा ‘पॅपिलॉन’चा अनुवाद ही कादंबरी नसून आत्मकथन असले, तरी थरारात ते कोणत्याही कादंबरीला हार जात नाही. स्वतंत्र लेखनात अनंत सामंत यांची ‘एम. टी. आयवा मारू’ जहाजावरील बंदिस्त जगाचा जीवघेणा ताण उभा करते, तर जयंत नारळीकरांची ‘व्हायरस’ विज्ञानाच्या आधाराने उत्कंठा निर्माण करते. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे होते. लोकरंजनाच्या कपाटात टाकल्या जाणाऱ्या वाङ्मयप्रकारात लिहिणाऱ्याला मिळालेला तो मान लक्षणीय होता.

गूढ आणि भय यांच्यासाठी दोन नावे अटळ आहेत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. धारपांनी स्टीफन किंगसारख्या लेखकांकडून कल्पना घेतल्या, पण ‘लुचाई’ वाचताना वाडा, वेस आणि देवघर आपल्याच गावचे वाटते. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागील प्रेरणांमध्येही त्यांचे नाव घेतले जाते. मतकरींची भीती अधिक शांत. मध्यमवर्गीय घरातील चहाच्या कपापासून ती सुरू होते आणि शेवटच्या वाक्यात घराचे दार बाहेरून बंद करते.

अखेरीस एखादे सत्यकथेचे पुस्तक हवेच. श्रीकांत सिनकर यांनी मुंबई पोलिसांच्या तपासांवर आधारलेले लेखन केले. रमण राघव आणि मानवत हत्याकांड यांच्या तपासाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणीही पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. त्यातून कळते, की खरा तपास एका चमकदार तर्काने संपत नाही. तो पायपीट, कागदपत्रे, चुकलेले अंदाज आणि चिकाटी यांनी पुढे सरकतो. खऱ्या गुन्ह्यात मृत व्यक्ती ही कोड्यातील सोंगटी नसते, तिच्यामागे एक उद्ध्वस्त घर असते. महिनाभर काल्पनिक खून चवीने वाचल्यानंतर ही आठवण होणे आवश्यक आहे.

सर्वाधिक वाचलेले, सर्वांत आधी हरवलेले

आता या महिन्यातील खऱ्या अडचणीकडे वळता येईल. वर उल्लेखिलेल्या लेखकांपैकी ख्रिस्ती, फोर्सिथ, धारप, मतकरी मिळतील. शिरवळकर मिळतील. नाशिकच्या १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थेत आणखीही काही हाती लागेल. पण अर्नाळकरांच्या हजारांवर पुस्तकांपैकी किती मिळतील? निवडक कथांची पुनर्मुद्रणे अलीकडे झाली आहेत, तरी एकूण संख्येच्या मानाने ती मूठभरच. गुरुनाथ नाईकांची अवस्था याहून बरी नाही. त्यांच्या बरोबरीने लिहिणाऱ्या इतर कितीतरी लेखकांची तर नावेही विस्मृतीत गेली.

याचे पहिले कारण कागदाचे. ही पुस्तके टिकण्यासाठी छापलीच नव्हती. स्वस्त कागदातील आम्ल त्याला पिवळा आणि ठिसूळ करते. पन्नास-साठ वर्षांनी पान उलटताना ते तुटून हातात येते. दुसरे कारण वाचनालयांच्या व्यवहाराचे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळते. दाखल नोंदवहीतील फाटके, जीर्ण पुस्तक वेळोवेळी रीतसर बाद करावे लागते. जे पुस्तक सर्वाधिक हातांतून जाते ते सर्वांत आधी फाटते आणि सर्वांत आधी बाद होते. ज्याला वीस वर्षांत कोणी हात लावला नाही, तो जाडजूड ग्रंथ मात्र कपाटात सुखरूप राहतो. याचा परिणाम विचित्र आहे. उद्याचा संशोधक आजच्या कपाटावरून मराठी माणूस काय वाचत होता याचा शोध घेऊ लागला, तर तो न वाचलेल्या पुस्तकांचाच इतिहास लिहील.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे. या पुस्तकांना विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात क्वचितच जागा मिळाली आणि वाङ्मयेतिहासात बहुधा एखाद्या परिच्छेदावर त्यांची बोळवण झाली. घरांतूनही ती रद्दीत गेली ती याच भावनेने. थोरामोठ्यांची पुस्तके जपायची असतात, ‘असली’ पुस्तके वाचून टाकायची असतात!

चौथे कारण कायद्याचे आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्व हक्क राहतो. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पुस्तके आज कोणीही छापू शकतो किंवा संगणकावर उपलब्ध करून देऊ शकतो. अर्नाळकरांचे निधन १९९६ चे. म्हणजे त्यांचे लेखन २०५६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. हक्कांचे संरक्षण योग्यच. लेखकाच्या वारसांना त्याचा लाभ मिळालाच पाहिजे. पण प्रकाशनसंस्था बंद पडल्या, करारांचे कागद हरवले आणि हक्क नेमका कोणाकडे हेच ठाऊक नसेल, तर पुस्तक ना छापता येते, ना त्याची संगणकीय प्रत सर्वांसाठी खुली करता येते. कायदा २०५७ पर्यंत थांबेल, कागद थांबणार नाही.

काय करता येईल

उपाय फार मोठे नाहीत. वाचनालयांनी जुनी रहस्यकथा बाद करण्यापूर्वी ती जिल्ह्यातील दुसऱ्या कोठल्या वाचनालयात आहे का, एवढे पाहिले आणि नसल्यास ती वेगळ्या कपाटात ठेवली, तरी पुष्कळ काही वाचेल. साहित्यसंस्था आणि विद्यापीठांचे मराठी विभाग यांनी हक्कधारकांचा शोध घेऊन निवडक पुस्तकांच्या आवृत्त्या काढणे शक्य आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर जुन्या ग्रंथांच्या जतनाची चर्चा वाढली. त्या चर्चेत ताम्रपट आणि हस्तलिखितांच्या शेजारी विसाव्या शतकातील या खिशात मावणाऱ्या पुस्तकांनाही जागा हवी. बोलकी पुस्तके हा आणखी एक मार्ग आहे. २०१७ नंतर मराठीत त्यांचा प्रसार झाला, आणि वेगवान संवादांनी भरलेली रहस्यकथा तर ऐकण्यासाठीच जन्मलेली असते.

वाचकाच्या हातातही काही गोष्टी आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात, रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात अजून काही प्रती आहेत. त्यांची नावे, प्रकाशन, वर्ष आणि मुखपृष्ठाचे छायाचित्र नोंदवून ठेवणे ही एका रविवारची कामगिरी आहे. अशा शेकडो नोंदी एकत्र आल्या, तर निदान काय हरवले आहे याची यादी तरी तयार होईल. कोणत्याही तपासाची सुरुवात शेवटी हरवलेल्या वस्तूंच्या यादीपासूनच होते.

महिना संपताना सटाण्यातील त्या वाचनवेड्याच्या वहीत दहा-बारा नावे, काही फसलेले तर्क आणि न मिळालेल्या पुस्तकांची भलीमोठी यादी असेल. खुनी कोण, हे त्याला बहुतेक पुस्तकांत कळले असेल. मराठी रहस्यकथेच्या प्रकरणात मात्र कोणा एकाकडे बोट दाखवता येणार नाही. येथे कागद, कायदा, अनास्था आणि प्रतिष्ठेच्या कल्पना हे सारेच संशयित आहेत. सुदैवाने बळी अजून पूर्णपणे गतप्राण झालेला नाही. त्याची नाडी अजून लागते, ती जुन्या वाचनालयांच्या मागच्या फळीवर.